नाव-पत्ता छापून मध विकणाऱ्यांच्या वतीने

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय), नवी दिल्ली
प्रत : मा. खाद्य सुरक्षा आयुक्त, मध्य प्रदेश, भोपाळ

महोदय,

इंदूरला स्वच्छ खाण्याचे धडे द्यायची वेळ आपल्या प्राधिकरणावर सहसा येत नाही. छप्पन दुकानच्या गल्लीला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’चा दर्जा प्राधिकरणानेच दिला. 2022 च्या ‘ईट राइट चॅलेंज’मध्ये पहिला क्रमांक इंदूरने पटकावला आणि पोह्यांच्या गाडीवरच्या माणसालाही हातमोजे आणि झाकणे यांची सवय लागली. अशा शहरातून हे पत्र लिहिले जात आहे, ते नियम सैल करा असे सांगण्यासाठी नव्हे. घरून मध विकणाऱ्या माणसाला आजचे नियम नेमके कुठे अडवतात आणि ज्याला अडवायला हवे तो कसा निसटतो, एवढेच त्यात मांडायचे आहे.

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या वस्त्यांतल्या मराठी घरांतून भाजणी, मेतकूट, लोणची आणि दिवाळीचा फराळ विकला जातो, हे इंदूरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्या फळीवर आता मधाची बाटलीही दिसते. तिच्यामागे तीन प्रकारची माणसे असतात. काहींच्या शेतावर स्वतःच्या मधपेट्या आहेत. काही जण मुरैना-भिंडकडच्या मधपाळांकडून मोहरीच्या मधाचा डबा आणतात आणि घरी बाटल्या भरतात. काहींकडे झाबुआ, अलीराजपूर, बऱ्हाणपूरकडच्या जंगलातला आग्या मोहोळाचा मध येतो. चौथा प्रकार सगळ्याच शहरांत भेटतो. स्टीलची बादली, वर दिसेल असा पोळ्याचा तुकडा, त्याखाली पाक की मध हे एक त्यालाच ठाऊक. तो आज या चौकात, उद्या त्या चौकात.

पहिल्या तिघांना कायदा लागू आहे. चौथ्यालाही आहे, पण कागदावरच.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो घरगुती विक्रेत्यांनी स्वतःच पसरवला आहे. ‘एफएसएसएआयचे लायसन म्हणजे दलाल, फेऱ्या आणि हजारोंचा खर्च’ असे बायकांच्या गटांत सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 31 ने छोट्या उत्पादकाला परवान्यातून सूट देऊन फक्त नोंदणी करायला सांगितले. 2011 च्या नियमावलीने ही रेषा वर्षाला 12 लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली आणि नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठेवली. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि ऑनलाइन अर्ज. दोन बाटल्या मध विकून फी वसूल व्हावी, अशी ही रक्कम आहे. त्यामुळे ‘नोंदणी परवडत नाही’ ही तक्रार या पत्रात नाही. परवडते. मात्र ती सोपी आहे हे सांगणारा सरकारी माणूस विक्रेत्याला भेटत नाही, दलाल मात्र आधी भेटतो.

नोंदणी झाली की 14 आकडी नंबर मिळतो. त्याचा पहिला आकडा 2 असेल तर नोंदणी, 1 असेल तर परवाना. पुढचे दोन आकडे राज्याचे. ग्राहकांपैकी हे किती जणांना माहीत असेल? बहुतेकांच्या लेखी तो नंबर म्हणजे ‘सरकारने तपासलेला मध’. नोंदणीच्या वेळी मधाचा एक थेंबही कोणी तपासलेला नसतो. नंबर सांगतो तो एवढेच की हा माणूस कोण आणि कुठे राहतो हे शासनाला ठाऊक आहे. ही माहिती मोलाची आहे, पण ती शुद्धतेची हमी नाही. हा फरक ग्राहकाला समजावण्याची जबाबदारी शंभर रुपये भरणाऱ्या बाईवर टाकता येणार नाही.

आता मूळ गुंत्याकडे. मधमाश्या पाळणारा माणूस शेतकरी आहे की अन्नव्यावसायिक?

याच कायद्याचे कलम 18 सांगते की शेतकऱ्याला आणि त्याने शेताच्या पातळीवर काढलेल्या पिकाला हा कायदा लागू नाही. सांवेरचा शेतकरी स्वतःचे बटाटे पोत्यातून विकतो तेव्हा त्याला नोंदणी विचारायला कोणी येत नाही. त्याच शेताच्या बांधावर त्याने पाच पेट्या ठेवल्या, मधयंत्रात चौकटी फिरवून मध काढला आणि बरणीत भरला, की चित्र धूसर होते. केंद्र सरकारचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान कृषी मंत्रालयाकडे आहे. 2020-21 पासून तीन वर्षांसाठी त्याला 500 कोटी रुपये दिले गेले आणि पुढे मुदतही वाढली. मधपाळांच्या नोंदणीसाठी एप्रिल 2021 मध्ये ‘मधुक्रांती’ पोर्टल सुरू झाले. म्हणजे अनुदान देताना तो शेतकरी, पोर्टलवर तो मधपाळ, बाटली हातात घेतली की खाद्य उत्पादक आणि त्या बाटलीवर वजन छापले की नापतौल (वैधमापन) विभागाच्या नजरेत पॅकबंद मालाचा ‘पॅकर’. चार दारे, चार अर्ज. यातले एकही दार चुकीचे नाही, असे मान्य केले तरी एका दाराने दुसऱ्याला माहिती का देऊ नये? मधुक्रांतीवर पेट्यांची नोंद केलेल्या माणसाला आपली नोंदणी आपोआप मिळावी, ही मागणी अवास्तव नाही.

लेबलाकडे वळले की मामला खरा रंगतो. पाव किलोच्या बाटलीवर काय काय छापायचे ते एकदा सलग वाचून पाहावे. प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पदार्थाचे नाव, उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, आपला लोगो आणि 14 आकडी नंबर, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख. 2011 च्या वैधमापन नियमांप्रमाणे सर्व करांसहित किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर आणि तक्रारीसाठी फोन, ई-मेल. शिवाय बाटल्या भरायला सुरुवात केल्यापासून 90 दिवसांत 500 रुपये भरून पॅकर म्हणून वेगळी नोंदणी. अन्न सुरक्षेची नोंदणी करणाऱ्यांतही या दुसऱ्या नोंदणीचे नाव ऐकलेले थोडेच सापडतात. माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी, इतर भाषा असतील तर त्या जोडीला. म्हणजे इंदूरच्या मराठी घरातली सुबक मराठी चिठ्ठी कितीही वाचनीय असली तरी एकटी पुरेशी नाही.

हे सारे निरर्थक आहे असे कोणी म्हणू नये. बॅच क्रमांक तर प्रत्येक घरगुती विक्रेत्याने कायद्याची वाट न पाहता लिहायला हवा. एखाद्या डब्यातला मध आंबला तर कोणकोणत्या बाटल्या परत घ्यायच्या, हे त्याशिवाय कळणारच नाही. शाकाहारी चिन्हाची गोष्ट तर गंमतीची आहे. प्राण्यापासून मिळणारा पदार्थ असूनही नियमांच्या व्याख्येत दुधाबरोबर मध आणि मेण यांना मांसाहारी पदार्थांतून वगळले आहे, म्हणून मधाला हिरवा ठिपका मिळतो. आणि सदोष लेबलला कलम 52 प्रमाणे तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा गल्लीतल्या विक्रेत्याला खरोखर होईल असे नाही. दंड ठरवताना फायदा, नुकसान, पुन्हा पुन्हा केलेली चूक हे सारे पाहावे असे कायदाच सांगतो. पण आकडा कानावर पडला की पुढचे कोणी वाचत नाही. लेबलच नको, असा निष्कर्ष निघतो.

हाच या पत्राचा कळीचा मुद्दा. आजची रचना नकळत लेबल न लावण्याला बक्षीस देते. वैधमापन नियम लागू होतात ते ग्राहकाच्या गैरहजेरीत आधी भरून ठेवलेल्या मालाला. ग्राहकाने स्वतःचा डबा आणला आणि त्याच्यासमोर मध ओतून दिला, तर किंमत, दर, पत्ता, यातले काहीच छापावे लागत नाही. करातही तेच. 18 जुलै 2022 पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या मधावर 5 टक्के जीएसटी आला, सुट्या मधावर नाही. छोटा विक्रेता उलाढालीच्या मर्यादेमुळे जीएसटीच्या बाहेरच राहतो हे खरे. पण त्याने आपला मध एखाद्या दुकानात ठेवायला दिला की दुकानदाराचा पहिला प्रश्न जीएसटीचाच असतो. नाव छापणारा सापडतो, बादलीवाला सापडत नाही. तपासणीसाला महिन्याचे नमुने पूर्ण करायचे असले तर तो कोणाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि घरचा पत्ता. आपल्या कार्यालयात बसून हा किरकोळ तपशील वाटेल. एकट्या राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या किंवा नवरा बाहेरगावी असलेल्या बाईने घर क्रमांकासह पूर्ण पत्ता आणि फोन शेकडो बाटल्यांवर छापून शहरभर पाठवायचा, याचा अर्थ काय होतो ते तिला विचारावे. कारखान्याचा पत्ता आणि घराचा पत्ता एकाच नियमात बसवल्याने हे झाले. यावर तोड सरकारी दप्तरातच आहे. 2022 मध्ये वैधमापन नियमांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणांना एका वर्षासाठी मुभा दिली होती की पत्त्यासकट काही माहिती क्यूआर कोडमधून द्यावी आणि वेष्टनावर फोन, ई-मेल तेवढे छापावे. टीव्ही विकणाऱ्या कंपनीला चालले ते पाच पेट्यांच्या मधाला का चालू नये? बाटलीवर नाव, वस्ती, शहर आणि नोंदणी क्रमांक असावा. पूर्ण पत्ता प्राधिकरणाकडे असतोच, गरज पडेल तेव्हा तपासणीसाने तो पाहावा.

मोठ्या बाटल्यांची लेबले बिनचूक असतात. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातल्या 13 ब्रँडच्या मधाचे नमुने तपासून घेतले, त्यांतले काही जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर या अधिक बारीक चाचणीलाही गेले. सर्व चाचण्यांत उतरले फक्त 3 ब्रँड. कंपन्यांनी आरोप फेटाळले, आमचा मध भारतीय मानकांत बसतो असे सांगितले. आणि गोम तिथेच होती: साखरेचे पाक असे बेतून तयार केले जात होते की ते नेहमीच्या चाचण्यांतून सुटावेत. युरोपातही तेच चित्र. 2023 मध्ये जाहीर झालेल्या युरोपीय आयोगाच्या पाहणीत आयात मधाचे 320 नमुने घेतले गेले, त्यांपैकी 46 टक्के संशयास्पद निघाले. त्या बाटल्यांवरही तारीख, वजन, पत्ता सगळे असणार. भेसळ करणाऱ्याला छापखाना काही महाग पडत नाही.

घरगुती मध म्हणजे शुद्धच, असा याचा अर्थ लावणेही तितकेच भाबडेपणाचे. ग्राहक ज्या चाचण्यांवर विसंबतो त्या सगळ्या निकामी आहेत. पाण्यात थेंब टाकून तो तळाशी जातो का पाहणे, वातीला लावून पेटवणे, मुंगी येते का बघणे. दाट पाकही तळाशी जातो. वात पेटते की नाही ते मुख्यतः ओलाव्यावर ठरते. उलट मध थिजला, दाणेदार झाला की ग्राहक साखर साखर म्हणून बाटली परत आणतो. मोहरीचा मध तर ग्लुकोज जास्त असल्यामुळे माळव्याच्या थंडीत पटकन थिजतो, आणि मुरैनाकडून येणारा मध बव्हंशी मोहरीचाच. ‘थिजणे नैसर्गिक आहे, कोमट पाण्यात बाटली ठेवा’ ही एक ओळ लेबलवर असली तर किती भांडणे वाचतील! नियम ती मागत नाहीत. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ हे शब्द मात्र सगळ्यांना हवे असतात, आणि प्राधिकरणाने 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांत त्यांवर अटी घातल्या ते योग्यच केले. त्याहून वाईट म्हणजे ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘वजन घटवतो’ अशा ओळी. त्या लिहिणाऱ्या घरगुती विक्रेत्याची बाजू हे पत्र घेणार नाही.

मानकांचाच तक्ता पाहिला तर त्यात एक गोष्ट मराठी माणसाला सुखावणारी आहे. बहुतेक सर्व मधासाठी सुक्रोजची कमाल मर्यादा 5 टक्के आहे. माव्यासारख्या किडींच्या गोड स्रावापासून होणाऱ्या हनीड्यू मधाबरोबर एका झुडपाचे नाव घेऊन तिथे 10 टक्क्यांची मुभा दिली आहे : कार्व्हिया कॅलोसा, म्हणजे सह्याद्रीतली कारवी. सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरउतार जांभळे करणारी, एरवी कुडाच्या भिंतींसाठी तोडली जाणारी कारवी. तिचा मध घट्ट, जेलीसारखा. इतर मधाच्या मापात बसत नाही. जुन्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांपासून तिला ही वेगळी ओळ मिळाली, कारण बहुधा कोणीतरी महाबळेश्वरचा मध प्रयोगशाळेत तपासला आणि तो वेगळा आहे, भेसळीचा नाही, हे मान्य केले. देशाच्या मानकाला एका झुडपासाठी वाकता येते, तर पाच पेट्यांच्या मधपाळासाठी का वाकता येऊ नये?

वाकण्याची गरज आहे, कारण इतर ठिकाणी मानक त्याला कात्रीत पकडते. मधातला ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको. पोळ्यातली घरे माश्यांनी मेणाने बंद करण्याआधी घाईने मध काढला तर पाणी जास्त राहते आणि मध आंबतो, त्यामुळे मर्यादा हवीच. पण सातेरी आणि आग्या माश्यांचा मध मेलिफेरा जातीच्या माशीच्या मधाच्या तुलनेत मुळातच पातळ असतो. पाणी उडवायला तो चुलीवर तापवला तर एचएमएफ नावाचे रसायन वाढते, त्याचीही मर्यादा किलोमागे 80 मिलिग्रॅम. नुसती बाटली मे महिन्यात इंदूरच्या उन्हात दुकानाच्या पुढच्या फळीवर राहिली तरी ते हळूहळू वाढत जाते. घरगुती विक्रेत्याला यातले काहीच कळवले जात नाही. ओलावा मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर हातात मावते, फार महागही नसते. ते एका मोहल्ल्यात एक असले तरी पुरे. बाकीच्या चाचण्या, विशेषतः बाहेरची साखर ओळखणाऱ्या समस्थानिकांच्या चाचण्या, एकट्या माणसाच्या आवाक्यातल्या नाहीत. मधाच्या तपासणीची अद्ययावत प्रयोगशाळा राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मदतीने जुलै 2020 मध्ये गुजरातेत आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आवारात सुरू झाली. इंदूरहून आणंद काही परदेश नाही. वीस विक्रेत्यांचे नमुने एका खोक्यातून वर्षातून दोनदा तिथे जावेत, खर्चाचा मोठा वाटा अभियानाच्या निधीतून यावा आणि निकाल विक्रेत्याच्या नोंदणी क्रमांकापुढे सगळ्यांना दिसावा, एवढी व्यवस्था झाली तर ‘नंबर म्हणजे तपासलेला मध’ हा ग्राहकाचा समज निदान अर्धा तरी खरा ठरेल.

एकेकट्याने लेबल छापण्याचा त्रास टाळायचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने बऱ्याच आधी धरला. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. ते मधपाळांकडून मध घेते, प्रक्रिया करते आणि ‘मधुबन’ या नावाने विकते. मे 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे राज्यातले पहिले ‘मधाचे गाव’ जाहीर झाले, पुढे कोल्हापुरातल्या पाटगावचे नाव त्यात आले. तिथल्या मधपाळाला लेबलाची चिंता करावी लागत नाही. मध्य प्रदेशातही खादी मंडळाचे ‘विंध्या व्हॅली’ आणि लघु वनोपज संघाचे ‘विंध्य हर्बल्स’ आहे, मुरैनात 2020 मध्ये नाफेडच्या पुढाकाराने मधपाळांची संस्था उभी राहिली. इंदूरच्या वाट्याला मात्र सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ यादीत बटाटा आला. बटाट्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही, इंदूरच्या कचोरीला तो लागतोच. पण सामाईक ब्रँडमध्ये एक गोष्ट हरवते तीही नोंदवायला हवी : सगळ्यांचा मध एका टाकीत गेला की कोणत्या गावचा, कोणत्या फुलाचा, कोणत्या महिन्याचा हे सांगता येत नाही. घरगुती मधाचे सगळे मोल त्यातच असते. म्हणून दोन्ही वाटा खुल्या हव्यात.

परदेशात काय चालते, हा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. अमेरिकेत टेक्सास राज्याने 2015 मध्ये छोट्या मधपाळांसाठी वेगळी सोय केली. वर्षाला 2,500 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 1,130 किलो, स्वतःच्या पोळ्यांतला मध थेट विकणाऱ्याला अन्नकारखान्याचा परवाना नको. त्याने लेबलवर नाव-पत्ता द्यायचा आणि ही जागा आरोग्य खात्याने तपासलेली नाही, असे स्पष्ट लिहायचे. ग्राहकाला खरे सांगितले, निर्णय त्याचा. आपल्याकडे उलट आहे, तपासलेले नसताना लोगो छापून तपासल्याचा भास होतो. युरोपीय संघाने 2024 मध्ये निर्देश काढला की मिश्र मधाच्या बाटलीवर कोणत्या देशाचा किती टक्के मध आहे ते उतरत्या क्रमाने छापावे. तो लागू करायची तारीख 14 जून 2026 ठरली. तोवर ‘युरोपीय आणि बिगरयुरोपीय मधाचे मिश्रण’ एवढ्या एका ओळीवर तिथे भागत होते. त्या ओळीतून ग्राहकाला काय कळत असेल!

तेव्हा मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही. प्राधिकरणाने मधासाठी लेबलाचा एक तयार नमुना काढावा, हिंदीत आणि मराठीतही, ज्यात अन्न सुरक्षा आणि वैधमापन या दोन्हींची माहिती योग्य जागी बसलेली असेल. ग्राहक व्यवहार मंत्रालयाशी एकदा बसून हे ठरवता येईल. तो नमुना वापरणाऱ्याला सदोष लेबलचा दंड थेट होऊ नये, आधी कलम 32 ची सुधारणा नोटीस मिळावी. लेबलवर माशीची जात, मध काढल्याचा महिना आणि तालुका या तीन गोष्टी छापायला जागा द्यावी. स्वतः काढलेला मध आणि दुसऱ्याकडून आणून बाटलीत भरलेला मध यांतला फरक ठळक दिसावा. डबा मुरैनाचा आणि चिठ्ठीवर ‘आमच्या शेतातला’ असे इंदूरमध्ये चालते, आणि ते बंद झाले तर प्रामाणिक विक्रेत्यांनाच हायसे वाटेल. बादलीवाल्यांची तपासणी चलित खाद्य प्रयोगशाळेच्या गाडीने चौकात जाऊन व्हावी, ती गाडी मध्य प्रदेशात आहेच.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सवलतीत बसवू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, ही सूचना प्रत्येक बाटलीवर, छोट्या-मोठ्या प्रत्येक विक्रेत्याकडून, मोठ्या अक्षरात छापून घ्यावी. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मधात असू शकतात, मोठ्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची चाल अजून गेलेली नाही आणि त्यासाठी मुद्दाम ‘घरचा, खात्रीचा’ मध मागवला जातो. म्हणजे ही ओळ घरगुती बाटलीवरच सगळ्यात जास्त लागते.

इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड यांची संस्था सुरू झाली आणि तिथल्या कंपोस्टची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. त्याच आवारात एक टेबल, एक रिफ्रॅक्टोमीटर आणि नोंदणीचा अर्ज भरून देणारा एक माणूस, मोहरी फुलण्याआधी म्हणजे नोव्हेंबरपर्यंत बसवता आला, तर या हंगामातल्या बाटल्यांवर नाव-पत्त्यासोबत ओलाव्याचा आकडाही छापता येईल. प्राधिकरणाकडून तारीख कळवावी, ही विनंती.

कळावे,
इंदूरचा एक मराठी ग्राहक